आजोबांचा हातचा आणि शाळेतला दशक

पत्र थोडं कापून देतेय, मूळ फार मोठं होतं.

"नमस्कार बाई, मी नाशिकला असते. मुलगी तिसरीत, सेमी इंग्लिश. सासरे ७१ वर्षांचे, बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झालेत, आकडेमोडीत अजूनही कॅलक्युलेटरच्या आधी उत्तर देतात. मी ऑफिसमधून येईपर्यंत मुलीचा अभ्यास तेच घेतात. गेल्या महिन्यात वजाबाकीवरून घरात महाभारत झालं. ५२ वजा २७ तिने आजोबांच्या पद्धतीने केलं, उत्तर बरोबर आलं, पण टीचरने लाल फुली मारली, मेथड चुकीची म्हणून. सासरे म्हणाले हल्लीच्या मास्तरांनाच गणित येत नाही. मी चिडून मुलीला म्हटलं, आजोबांचं जुनं झालंय, ते ऐकू नकोस. तेव्हापासून ते तिचा अभ्यास घेत नाहीत आणि जेवायला बसलं की मुद्दाम पाढे विचारतात, ती रडते. परवा तर म्हणाली की मला मॅथ्स आवडतच नाही. मिस्टर यात पडत नाहीत. बाई, बरोबर कोण, शाळा की सासरे? आणि पोरीला आता शिकवायचं तरी कसं? – मधल्यामध्ये अडकलेली सून"

अगं सूनबाई,

तुझ्या प्रश्नाच्या आधी मला त्या लाल फुलीचं बोलू दे, कारण एकतीस वर्षं दुसरी-तिसरीच्याच वर्गांवर काढलीत आणि अशा फुल्या मीसुद्धा मारल्यात, आता लाज वाटते. उत्तर बरोबर असताना फुली मारली की पोराला काय कळतं, तर आपण चुकलो. मेथड-बिथड त्याला काही कळत नाही. निदान "उत्तर बरोबर, आता आपली रीत पण दाखव" एवढं तरी लिहायचं. असो, त्या टीचरच्या वर्गात किती पोरं असतील आणि किती वह्या तपासायच्या असतील तेही मला माहितीये.

आता कागद घे आणि तुझे सासरे काय करतात ते लिही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून बारातून सात, राहिले पाच, हातचा एक. तो हातचा खालच्या दोनात मिळवला, झाले तीन, पाचातून तीन गेले दोन, उत्तर पंचवीस. बरोबर ना? आणि शाळेत काय करतात, तर वरच्या पाच दशकांतला एक दशक सोडवून त्याचे दहा सुटे करतात, मग वर राहिले चार दशक आणि बारा सुटे, बारातून सात पाच, चारातून दोन दोन, पंचवीस. फरक एवढाच की शाळा वरचा आकडा एकाने कमी करते आणि तुझे सासरे खालचा एकाने वाढवतात. दोन्ही शंभर टक्के खरं गणित आहे. सासऱ्यांची रीत म्हणजे जुनाट घोकंपट्टी असं जे तुला वाटलं (मला पण खूप वर्षं तसंच वाटायचं) ते खरं नाही, त्यामागे कारण आहे, फक्त त्यांना ते कुणी सांगितलं नसणार म्हणून ते पोरीला सांगू शकत नाहीत.

कारण अगदी सोपं आहे. आजोबा ७१ चे, नात ८ ची, अंतर ६३. दहा वर्षांनी आजोबा ८१, नात १८, अंतर किती? ६३ च. दोघांची वयं सारखीच वाढली की अंतर बदलत नाही. सासरे तेच करतात, वरच्याला दहा देतात पण सुट्यांच्या घरात, खालच्याला पण दहा देतात पण दशकाच्या घरात. त्यांचा हातचा एक म्हणजे हे खालचे दहा. हे मी एकदा वर्गात आजी आणि नातवाच्या वयावरून सांगितलं तर मागच्या बाकावरचा एक जो कधी तोंड उघडायचा नाही तो म्हणाला, मग बाई, शंभर दिले तरी चालेल? चालेल की रे बाबा!

मग शाळेने ही रीत सोडली कशाला, असं तू विचारशील. कारण आठ वर्षांच्या पोराला दशक सोडवलेला डोळ्यांनी दिसतो. दहा काड्यांचा गठ्ठा असतो, रबर काढला की दहा सुट्या काड्या, आता दे सात, संपलं. आजोबांच्या रीतीत ते दहा कुठून आले आणि खाली एक का वाढला हे काड्यांनी दाखवता येत नाही पटकन. म्हणून सुरुवातीला शाळेची रीत चांगली असं माझं स्पष्ट मत आहे. पण हात बसल्यावर वेगाला आजोबांची काही वाईट नाही, उलट ५००० वजा २३४७ अशी शून्यांची रांग आली की शाळेच्या रीतीने पोरं या घरातून उसने, त्या घरातून उसने घेत घेत रडकुंडीला येतात आणि आजोबांचा हातचा सरळ चालत जातो. करून बघ, हवं तर.

आता सासरे जे शिकले ते तसं का शिकले, हे तुला माहीत असलं तर तुझा राग निम्मा होईल असं वाटतं म्हणून जरा मागे जाते. माझ्या वडिलांच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, चार आणे म्हणजे पावली, आठ आणे म्हणजे अधेली. वजनाला मण, मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक. आता यात मजा बघ, शेरालाही सोळा आणि रुपयालाही सोळा, म्हणजे तूप शेराला जितके रुपये, छटाकाला तितके आणे, हिशोब झाला, कागद नको नि पेन्सिल नको. पण सव्वा शेराला किती, अडीच शेराला किती हे यायला पाहिजे, नाहीतर वाणी गंडवणार. म्हणून नुसते बे एके बे नव्हते, तीसपर्यंत पाढे आणि वर पाव, अर्धा, पाऊण असल्या अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकी. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की परवचा, त्यात शुभं करोतीच्या पाठोपाठ हे सगळं. अर्थ नाही समजला तरी तोंडात बसायचं, आणि बाजारात गेलं की आपोआप अर्थ लागायचा. घोकणं घरात आणि समजणं बाजारात, असं ते होतं.

मग १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले. तुझे सासरे शाळेत गेले ते याच्या नंतर, म्हणजे त्यांनी जी दिडकी-अडीचकी पाठ केली ती मुळात त्यांच्या वेळेलाच बाजारातून उठत चालली होती, पण मास्तर जुने, घरातले जुने, म्हणून घोकणं मागे राहिलं. आता बघ, समजण्याची जी जागा होती ना, बाजार, तीच बदलली आणि नुसती घोकंपट्टी उरली. लोक म्हणतात शाळांनी पाढे घालवले. पावकी-दिडकी तरी शाळेने नाही घालवली, ती दशमान पद्धतीने घालवली, आणि बरंच झालं म्हणते मी, कारण शंभराचे दशांश करणं किती सोपं आहे.

त्यानंतर आमची पाळी. रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडला, अमेरिकेला धडकी भरली की आपली पोरं विज्ञान-गणितात मागे पडली, तिकडे त्यांनी शाळेचं गणितच उलटंपालटं केलं, त्याला नवगणित म्हणायचे, आणि ती लाट फिरत फिरत आमच्या पुस्तकात आली सत्तरच्या दशकात. संच! उपसंच, संयोग संच, छेद संच, महिरपी कंस. माझ्या वडिलांनी वही उघडली, रिक्त संच म्हणजे काय विचारलं, मी म्हटलं ज्यात काहीच नाही तो, तर म्हणाले काहीच नाही तर लिहिता कशाला? आता त्यांना काय सांगायचं, मलाच कुठे माहीत होतं. म्हणजे पोरांचं गणित घरातल्या मोठ्यांना कळेनासं होणं हे काही तुझ्या घरात पहिल्यांदा झालेलं नाही. आमच्यात एवढंच बरं होतं की वडील हसून वही परत द्यायचे, जेवताना परीक्षा घ्यायचे नाहीत.

आणि २०१९ चं तर तुला आठवत असेलच, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक, पंचवीसच्या जोडीला वीस पाच असं आलं, केवढा गदारोळ! विधानसभेत अजित पवारांनी फडणवीसांचं "फडण दोन शून्य" केलं, व्हॉट्सॲपवर तर जोकचा पाऊस पडला, आणि खोटं कशाला बोलू, मीही दोन-तीन फॉरवर्ड केले. त्या गणिताच्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या, त्या शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही दिलेत, लहान मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात म्हणून. ऐकतंय कोण. मी पण नाही ऐकलं. त्याच जूनमध्ये वर्ग सुरू झाला. मी सोलापूर जिल्ह्यात होते, तिकडे कितीतरी घरांत कानडी बोलतात. एक पोरगी होती, पंचवीस म्हटलं की ५२ लिहायची, दरवेळी, मी ओरडून ओरडून थकले. तिच्या आईला शाळेत बोलावलं तर ती आकडे कानडीत मोजायला लागली, इप्पत्तैदु, म्हणजे वीस-पाच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला! कानडीत वीस आधी, पाच नंतर, जसं लिहितो तसंच. मराठीत पंच आधी आणि वीस नंतर, आणि लिहिताना मात्र उलटं. पोरगी ऐकेल तसं लिहीत होती, पाच मग दोन. चूक तिची नव्हतीच. त्या दिवसापासून मी वर्गात दोन्ही म्हणायला लागले, वीस पाच पंचवीस, साठ सात सदुसष्ट, आणि फॉरवर्ड केलेल्या जोकांची मला अजून शरम वाटते.

हे सगळं पुराण कशाला लावलं, तर तुझी लेक सेमीला आहे. ती शाळेत फिफ्टी टू मायनस ट्वेंटी सेव्हन ऐकते आणि घरी बावन्नातून सत्तावीस. तुला खात्री आहे का की तिला बावन्न म्हणजे किती हे पटकन कळतं? आज रात्री सहज विचार, एकोणसत्तर लिही, त्र्याहत्तर लिही, शहाऐंशी लिही. माझी पैज आहे की एक तरी चुकेल. म्हणजे आजोबा समोर बसून पाढे विचारतात तेव्हा ती आधी मराठी आकड्याचं इंग्रजी करते, मग गुणाकार करते, मग इंग्रजीचं परत मराठी करते, आणि तोपर्यंत आजोबांचा "अगं साधं येत नाही?" येऊन आदळतो. रडेल नाही तर काय करेल. मला तर वाटतं तिचं गणित कच्चं नाहीच, भाषेचा घोळ आहे आणि वर भीती.

आता करायचं काय ते सांगते, आणि पहिलं काम तुझं आहे, तुला आवडणार नाही. पोरीसमोर तू जे बोललीस ना, आजोबांचं ऐकू नकोस, ते तिच्यासमोरच मागे घे. "मी चुकले, आजोबांची रीत बरोबर आहे, मला माहीत नव्हती," एवढंच, जास्त भाषण नको. तू रागात बोललीस हे मला समजतं, पण चाळीस वर्षं लोकांचे पैसे मोजलेल्या माणसाला नातीसमोर सुनेने जुनं झालं म्हणणं, त्यांचे जेवतानाचे पाढे म्हणजे त्याचाच राग आहे गं, गणित नाही ते. म्हणून आधी हे. हे केल्याशिवाय पुढचं काही चालणार नाही.

दुसरं, जेवताना गणित बंद, पण हे तू सांगू नकोस, तुझ्या मिस्टरांनी त्यांच्या वडिलांना सांगायचं. यात पडत नाही म्हणजे काय? पोरगी त्यांची पण आहे ना.

मग रविवारी वगैरे तिघांना बसव, आजोबा, नात आणि तू, आणि त्याच ५२ वजा २७ ला सगळ्यांनी आपापली रीत करून दाखवायची, पण नातीने शिकवायचं आणि आजोबांनी विद्यार्थी व्हायचं. काड्यांचे गठ्ठे तिला करायला लाव, कॅशियर माणूस आहे, दहाचं बंडल सोडून सुटे करणं त्यांना जन्मभराचं ठाऊक आहे, बघ कसे लगेच खुलतात, त्यांना शाळेची रीत एका मिनिटात पटेल कारण ती त्यांच्या कॅश काउंटरचीच रीत आहे! मग वयांची गोष्ट सांगून त्यांची रीत तिला समजाव. आणि तिसरी रीत आहेच की, दुकानदाराची. ५२ रुपये दिले, २७ चा माल, तो काय वजाबाकी करतो का, तो सत्तावीसचे तीस करायला तीन देतो, तिसाचे पन्नास करायला वीस, आणि वर दोन, झाले पंचवीस. आता सगळं फोनवर स्कॅन करून होतं त्यामुळे पोरांनी सुटे परत घेताना कुणाला पाहिलेलंच नसतं, म्हणून मुद्दाम दाखवायला लागतं.

यावरून आठवलं, २०२५ मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा. ही मुलं गिऱ्हाईकाचा भला मोठा हिशोब तोंडी करतात, एवढ्या किलोला एवढे, वरचे एवढे परत, पण तसंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडतात. आणि नुसत्या शाळेत जाणाऱ्यांचं उलटं, कागदावर येतं, बाजारात गडबडतात. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही, कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. तुझ्या घरात बाजारवाला पण आहे आणि शाळावाली पण, आणि दोघं सध्या एकमेकांशी बोलत नाहीत, काय म्हणावं!

म्हणून कामाची वाटणी कर. वहीतलं गणित शाळेच्या रीतीनेच होईल, निदान या वर्षी, कारण एकाच वेळी दोन रीती चालू ठेवल्या की या वयात पोरं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करतात, वरचाही एक कमी करतात आणि खालचाही एक वाढवतात, आणि ५२ वजा २७ चे १५ येतात. हे मी शेकड्याने पाहिलंय. आजोबांचा हातचा चौथीत, हात बसला की. वहीत डोकावायचं तर ते तू किंवा मिस्टर. टीचरला पण एकदा भेट, भांडायला नको, नुसतं विचार की या वर्षी कुठली रीत हवी आणि दुसरी रीत आली तर निदान फुली नको.

आणि तोंडी गणित पूर्ण आजोबांकडे. त्यात सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे सगळं येऊ दे, कारण हे शब्द हल्लीच्या पोरांना येत नाहीत, पावणेतीनला ये म्हटलं तर तोंडाकडे बघतात. घड्याळ, दूध, अर्धा किलो रवा, पावशेर भाजी (शेर गेला पण पावशेर काही गेला नाही बघ), क्रिकेटचा रनरेटसुद्धा. आकडे दोन्ही भाषेत म्हणायचे, बावन्न फिफ्टी टू, हसत खेळत, आजोबांना पण इंग्रजीत म्हणू दे.

पाढ्यांबद्दल मात्र मी सासऱ्यांच्या बाजूने आहे, थोडी. समजून घ्या समजून घ्या करत पाढे पाठच करायचे नाहीत हे मला कधी पटलं नाही. पुढे अपूर्णांक येतात, तिथे सात अठ्ठे छप्पन्न बोटावर मोजत बसलं तर अपूर्णांक समजायला डोक्यात जागाच उरत नाही. असर म्हणून एक सर्व्हे होतो देशभर खेडोपाडी, २०२२ मध्ये पाचवीच्या साधारण चारातल्या एकाच मुलाला तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आलं. भागाकार अडतो तो बरेचदा पाढ्यांवर आणि वजाबाकीवरच अडतो, हा माझा अनुभव. म्हणून दहापर्यंतचे पक्के हवेत, तीसपर्यंत नको, सतरा सत्ते एकोणिसाशे कुणाला लागत नाही आता (एकशे एकोणीस गं, बघ मलाच येत नाही). पण आधी पाढा तयार करू दे तिला, सात चोक अठ्ठावीस येतं ना, मग सात अठ्ठे म्हणजे त्याची दुप्पट, छप्पन्न. असा तयार केलेला पाढा विसरला तरी पुन्हा करता येतो, नुसता घोकलेला विसरला की गेला. आणि सासरे ओरडले की त्या दिवशीचा पाढा कॅन्सल, हा नियम नातीनेच करायचा आणि भिंतीवर चिकटवायचा.

मॅथ्स आवडत नाही म्हणाली ते आत्ता फार मनावर घेऊ नकोस. तिला जेवताना रडायला आवडत नाही, तेवढंच आहे ते सध्या. दोन महिने हे करून बघ आणि मला लिही.

आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांग, आणि विचार की औटकी अजून पाठ आहे का. मला सात औट साडेचोवीसच्या पुढे अडखळायला होतं, आणि आता विचारायला माझे वडील नाहीत.